तीन पायऱ्या खाली

आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत, यावर माझा विश्वास बसला तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. जन्म त्याच घरातला. अप्पा लहानपणापासून सांगायचे, पण अप्पा शाळेत गणित शिकवायचे आणि घरात मात्र गोष्टी फुगवून सांगायचे, त्यामुळे ती तीन पायऱ्यांची गोष्ट मी त्यातलीच एक धरली होती. मला आठवते ती एकच पायरी. काळ्या दगडाची, मधोमध झिजलेली. मी तेरा वर्षांची असताना तीही डांबराखाली गेली.

कुंभकोणमहून तंजावरकडे जाणाऱ्या झाडून सगळ्या बसा, लॉऱ्या, उसाचे ट्रॅक्टर आमच्या गल्लीतून जायचे. गल्ली म्हणायची ती जुन्या माणसांनी. सरकारदरबारी तो हमरस्ता होता. दर दोन-तीन वर्षांनी पावसाळा संपला की खडी यायची, डांबराचे पिंप तापायचे, रोलर फिरायचा, आणि जुन्या रस्त्याच्या डोक्यावर नवा रस्ता बसायचा. जुना उकरून काढायचा असतो हे कोणाला सुचत नव्हतं, किंवा सुचलं तरी परवडत नव्हतं. रस्ता वर चढत गेला आणि घरं होती तिथंच राहिली. शेवटी शेवटी तर घरात जायला खाली उतरावं लागायचं. कार्तिकातला पाऊस दाराशी न थांबता थेट स्वयंपाकघरात चौकशी करायला यायचा. आईनं उंबऱ्यावर विटांचा एक बांध घालून घेतला होता, आणि त्याला अडखळून आम्ही सगळेच एकेकदा पडलो.

आम्ही मराठी. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी भोसल्यांच्या मागोमाग इकडे आलं, आणि मग परत जायचं राहून गेलं, त्यातले. घरात आमची ती जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुण्याच्या एका पाहुण्यांनी एकदा अप्पांचं बोलणं ऐकून हात जोडले होते. अप्पांना वाटलं आदरानं. मला वाटतं हसू दाबायला.

अप्पांच्या आयुष्यात गणिताखेरीज एकच गोष्ट होती, ती म्हणजे उंछवृत्ती. वर्षातून एकदा, धनुर्मासात, आमच्याकडे रुक्मिणीकल्याण व्हायचं, म्हणजे दोन दिवस भजन आणि देवाचं लग्न. त्या लग्नाचा भात विकतच्या तांदळाचा चालत नाही. भजन करणाऱ्यानं पहाटे गल्लीतून गात जायचं, दारोदार थांबायचं, आणि घरातल्या बाईनं त्याच्या पात्रात तांदूळ घालायचे. तेवढ्याच तांदळाचा भात. अप्पा हे जवळच्या मरुदानल्लूरच्या भजनमठात शिकले, तरुणपणी सायकलवरून रोज जाऊन. खांद्यावरून दोरीनं लटकवलेलं तांब्याचं पात्र, हातात चिपळ्या, पायात चाळ, मागे मृदंग आणि चार-पाच टाळकरी. शाळेत पोरांना उन्हात उभं करणारे माझे वडील त्या एका पहाटे असे काही मऊ होऊन चालायचे की मला ते अनोळखी वाटायचे.

त्यांच्या गुरूंनी त्यांना एक नियम घालून दिला होता. मागणाऱ्यानं खाली उभं राहायचं. देणारी वरच्या पायरीवर, मागणारा रस्त्यावर. तांदूळ वरून खाली पडले पाहिजेत. घेणाऱ्याचं पात्र देणाऱ्याच्या हाताच्या वर गेलं की ती भिक्षा राहत नाही, वसुली होते. अप्पा हे सांगायचे तेव्हा हाताच्या दोन पातळ्या करून दाखवायचे, जणू फळ्यावर आकृतीच काढताहेत.

त्या वर्षी, ज्या वर्षी आमची शेवटची पायरी गेली, अप्पा नेहमीसारखे निघाले. बसांचं त्यांना काही वाटत नव्हतं. आमच्याकडे भजन समोर आलं की ड्रायव्हर बस थांबवतो, कधी इंजिन बंद करून खाली उतरतो आणि चप्पल काढतो. अडचण झाली ती समोरच्या घराशी. तिथं एक म्हाताऱ्या विधवा बाई राहायच्या. त्यांचं घर मुळातच आमच्यापेक्षा बुटकं, त्यामुळे नव्या डांबरानंतर ते चांगलंच खड्ड्यात गेलेलं. अप्पा रस्त्यावर उभे, बाई खाली दारात, आणि बाईंचं डोकं अप्पांच्या छातीशी. त्यांनी तांदळाचं माप दोन्ही हातांनी उचललं, वर केलं, आणखी वर केलं, टाचा उचलल्या. माप पात्राच्या काठाला लागलं आणि कलंडलं. सगळे तांदूळ त्यांच्याच डोक्यावर, खांद्यांवर सांडले. टाळकऱ्यांतलं कोणीतरी हसलं. बाई स्वतःही हसल्या. मी हसले हे मला आठवतं, आणि आठवलं की अजून बरं वाटत नाही.

अप्पा हसले नाहीत. त्यांचं गाणं मध्येच थांबलं. ते वळले, घरी आले, पात्र उतरवून ठेवलं. त्या वर्षी देवाच्या लग्नाचा भात दुकानातल्या तांदळाचा झाला.

“पुढल्या वर्षीं जा की,” आई म्हणाली. “बाहेर नाहीं तर त्यांच्या दारांत उतरून उभे राहा.”

“मागणारा खालीं, देणारा वर,” अप्पा म्हणाले. “ह्या रस्त्यावर अस्कं सारं उलटं झालं. रस्ता खालीं आला म्हणजे जाईन.”

रस्ता खाली येतो का कधी? आई म्हणाली, “सेरी, बरं, रस्त्याला सांगून ठेवा.” आणि विषय संपला. पुढची पंधरा वर्षं तो विषय संपलेलाच होता. अप्पा दर वर्षी मरुदानल्लूरला जाऊन दुसऱ्यांच्या मागे टाळ वाजवायचे. आमच्या गल्लीतली उंछवृत्ती बंद. समोरच्या बाई दोन-तीन वर्षं विचारत राहिल्या, मग विचारायच्या थांबल्या, मग गेल्या. घरात धनुर्मास आला की अप्पा चिडचिडे व्हायचे आणि आम्ही भावंडं त्यांच्या वाटेला जायचो नाही.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केला. अप्पांसाठी नव्हे, गणित बरं होतं आणि लग्न लांबवायचं होतं. नगरपालिकेत ओव्हरसियर म्हणून लागले. कमरेला पदर खोचून, पातळी मोजायच्या डंपी लेव्हलमधून बघणारी बाई म्हटल्यावर दारासुरमच्या वळणावर विणकर माग सोडून बघायला बाहेर यायचे. मला त्याची सवय झाली, त्यांना मात्र झाली नाही.

आणि मग नव्वदीच्या मध्याला गावाबाहेरून वळणरस्ता झाला. एका सकाळी सगळी जड वाहतूक तिकडे गेली.

ती सकाळ मला सांगता येईल असं वाटत नाही, तरी सांगते. मी जागी झाले ती घाबरून. काहीतरी बंद पडलं होतं. आई आधीच उठून बसली होती, तिलाही तसंच झालेलं. मग लक्षात आलं की भांडी वाजत नाहीत. आमच्या फडताळातली भांडी दिवसभर बारीक किणकिणायची, बस गेली की, लॉरी गेली की, आणि आम्ही ते ऐकणंच सोडून दिलं होतं. दार उघडून बाहेर आले तर सगळी गल्ली दारात उभी. रस्ता एवढा रुंद आहे हे मला माहीत नव्हतं. मी त्याचं माप दहा वेळा घेतलं होतं, तरी माहीत नव्हतं. कुंभेश्वराच्या देवळातली घंटा इतकी स्पष्ट ऐकू आली की एकानं शेजाऱ्याला विचारलं, ही नवीन बसवली का. पलीकडच्या घरातल्या बाईंनी रस्ता ओलांडायला उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं, आणि तशाच उभ्या राहिल्या. दोन्हीकडे काहीच नव्हतं, आणि तेच त्यांना झेपत नव्हतं. एवढी मोठी वस्तू कोणीतरी आम्हाला परत दिली होती, आणि तिचं काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

महिन्याभरात रस्ता नगरपालिकेकडे आला आणि त्याची फाइल माझ्या टेबलावर. आमचे इंजिनिअर साहेब सरळ माणूस. म्हणाले, वरून एक थर टाकू, कडेनं फरशी लावू, झाडं लावू, राहत्या वस्तीचा छान रस्ता होईल. मी म्हणाले, थर टाकायचा नाही, काढायचा. सगळे थर काढायचे, मूळ जमिनीपर्यंत. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “अम्मा,” ते म्हणाले, “लोक रस्ते वर बांधतात.”

फाइलमध्ये मी लिहिलं की पावसाचं पाणी घरात शिरतं, गटारं रस्त्याच्या पातळीला बुजली आहेत, उतार उलटा आहे. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पण माझ्या डोळ्यांसमोर गटारं नव्हती. अप्पांना सत्तरावं लागलं होतं. त्यांचे गुडघे सुजायचे, संडासला जाताना भिंत धरायचे. अजून दोन धनुर्मास, फार तर तीन. तेवढ्यात हा रस्ता खाली आला तर ते जातील, नाही आला तर जाणार नाहीत; माझ्या वडिलांना मी ओळखते. मी साहेबांना पावसात आमच्या घरी घेऊन गेले. स्वयंपाकघरात घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी आईच्या हातची कॉफी प्यायली, आणि दुसऱ्या दिवशी फाइलवर सही केली.

गल्लीनं मला डोक्यावर घेतलं असेल असं कोणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. समोर, त्या विधवा बाईंच्या घरात, टायरवाला राहत होता. बसांच्या दिवसांत आलेला माणूस. पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार. बसा गेल्या तसं त्याचं गिऱ्हाईक गेलं, आणि आता मी त्याच्या दारासमोर खणायला निघालेली. “आधी रस्ता पळवला, आता जमीन पण पळवताय,” तो मला तमिळमध्ये म्हणाला. “हा रस्ता तुम्ही नेमका कोणासाठी करताय?” मी पाण्याचं सांगितलं. खरं उत्तर त्याला काय सांगणार होते? माझ्या वडिलांना तुझ्या दाराच्या खाली उभं राहायचं आहे, हे?

झाडांच्या बाबतीत तर, हे खणकाम झाल्यावरचं, मी स्वतःच माती खाल्ली. कोपऱ्यापासून टेपनं मोजून दर वीस फुटांवर करंजाच्या रोपासाठी खुंटी मारली, अगदी सरळ रेषेत, आणि ऐटीत घरी जेवायला आले. परत गेले तर निम्म्या खुंट्या उपटून एका तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, नीट रचून ठेवलेल्या. निम्म्या खुंट्या लोकांच्या दारांच्या बरोबर समोर आल्या होत्या. दारासमोर झाड म्हणजे द्वारवेध, घराला अशुभ. परक्या गावच्या माणसानं केलं असतं तर लोकांनी समजून घेतलं असतं. आई तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शेवटी मी एकेका दारात जाऊन, बायकांना विचारून, दोन दारांच्या मध्ये झाडं लावली. ओळ वेडीवाकडी आली. आज तीच बरी दिसते, पण तेव्हा मला रडू आलं होतं.

खणायला सुरुवात केली तेव्हा आधी आमच्या दारापासून नको म्हणून मी दुसऱ्या टोकापासून केली. डांबर, खडी, पुन्हा डांबर, पुन्हा खडी. कापलेल्या कडेला थर मोजता यायचे. माझ्या शाळेच्या वर्षांचा थर कोणता, कॉलेजचा कोणता, हे मी मेस्त्रीला दाखवायची आणि तो मान डोलवायचा. मग एके दिवशी कामकरी बायका आमच्या दाराशी पोहोचल्या. पहार दगडावर वाजली. डांबराला लागते तशी बद्द नाही, खणखणीत. मी सगळ्यांना थांबवलं आणि स्वतः खुरपं घेऊन खाली बसले.

पहिली पायरी मला ओळखीची होती. तिच्या खाली दुसरी निघाली. तिच्या खाली, ओल्या काळ्या मातीत, तिसरी. तिघीही मधोमध झिजलेल्या, एकाच जागी, एकाखाली एक. आमच्या घरात पाय टाकलेल्या सगळ्या माणसांनी तिथंच पाय टाकला होता. मी हात लावला. थंड होत्या. ज्यांची नावंसुद्धा आम्हाला सांगता येत नाहीत अशा माणसांच्या टाचांनी दगड एवढा खाल्ला होता, आणि मी ज्या रस्त्यावर पस्तीस पैशांचं तिकीट काढून बसनं शाळेत गेले तो या सगळ्यांच्या डोक्यावरून जात होता. मी तिथं चिखलात बसून राहिले. मेस्त्री म्हणाला, “अम्मा, पुढं खणायचं का?”

आई कळशी घेऊन आली आणि तिनं तिन्ही पायऱ्या धुतल्या. अप्पा मात्र बाहेर आले नाहीत. दाराच्या आतून त्यांनी एवढंच विचारलं, “किती?” मी म्हणाले, तीन. “मग!” म्हणाले, आणि आत जाऊन पेपर वाचत बसले. पेपर उलटा होता असं आई सांगते. ती पण गोष्टी फुगवते.

धनुर्मासापर्यंत रस्ता झाला. मधोमध दोन गाड्या जातील एवढाच डांबरी पट्टा, दोन्ही बाजूंना फरशी, करंजाची गुडघ्याएवढी रोपं, आणि प्रत्येक दाराशी, कुठं तीन, कुठं दोन, धुतलेल्या काळ्या पायऱ्या. पहाटे बायका पुन्हा रस्त्यात उतरून रांगोळ्या काढू लागल्या, आणि जागा एवढी मिळाली की काहींना कुठं थांबावं ते कळेना. दारासुरमहून सायकलवरून येणारे लोक रांगोळ्या चुकवत नागमोडी जायचे. एका बाईंची रांगोळी तर पार गल्लीच्या मध्यापर्यंत आली, आणि समोरून येणारी एक मोटार तिच्याशी थांबली आणि मागे गेली. मी कामावर जायला निघाले होते. जिथं बसखाली कोंबड्या मरायच्या तिथं एक मोटार तांदळाच्या पिठाला बघून मागे जाते आहे, हे मी उभी राहून पाहिलं आणि कचेरीत उशिरा पोहोचले.

अप्पांनी पात्र चिंचेनं घासून घेतलं. टाळकरी मरुदानल्लूरहून आले. मृदंग वाजवणारे जुनेच, आता दात नसलेले.

अप्पा आमच्या तीन पायऱ्या एकेक करत उतरले, भिंतीला हात लावून. रस्त्यावर उभे राहिले आणि त्यांनी गायला सुरुवात केली. आवाज कापत होता, पण गल्लीत दुसरा आवाजच नव्हता. आपल्या घरचे तांदूळ घ्यायचे नसतात, म्हणून पहिलं दार समोरचं. टायरवाल्याचं.

मी आदल्या दिवशी त्याच्या बायकोला सांगून ठेवलं होतं. पण तांदूळ घेऊन तोच आला, धुतलेली वेष्टी नेसून, कपाळावर विभूती, माप दोन्ही हातांत धरून. वरच्या पायरीवर उभा राहिला. अप्पा खाली, पात्र पुढे केलेलं. पंधरा वर्षं ज्याच्यासाठी थांबले होते ते अगदी त्यांच्या आकृतीतल्यासारखं समोर जुळून आलं होतं.

आणि त्या माणसानं खाली पाहिलं, सत्तरीचा म्हातारा, पांढरे केस, पायात चाळ, आणि तो लाजला. वडीलधाऱ्या माणसाच्या वर उभं राहायचं कसं? त्यानं घाईघाईनं पायऱ्या उतरायला सुरुवात केली. “वरच राहा, वरच,” मी ओरडले, पण टाळांच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. एक, दोन, तो खाली आला आणि अप्पांच्या समोर, त्यांच्याच पातळीवर, मान खाली घालून उभा राहिला. अप्पांपेक्षा तो वीतभर बुटका. माप पात्राच्या खाली.

गाणं थांबलं. अप्पांचा चेहरा तसाच झाला जसा मी तेरा वर्षांची असताना पाहिला होता. मला वाटलं, संपलं. आता वळणार, घरी जाणार, पात्र उतरवून ठेवणार. मी अख्खा रस्ता खाली आणला होता आणि आता याच्यापुढं खाली आणायला माझ्याजवळ काही नव्हतं.

अप्पांनी चिपळ्या मृदंगवाल्यांच्या हातात दिल्या. एक हात करंजाच्या आळ्याच्या कठड्यावर ठेवला, दुसरा माझ्या खांद्यावर, आणि ते गुडघे टेकून खाली बसले. हाडांचा आवाज मी ऐकला. त्यांनी पात्र दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि वर पाहिलं.

तांदूळ पडले. तांब्यात तांदूळ पडतानाचा तो आवाज आमच्या गल्लीनं पंधरा वर्षांत ऐकला नव्हता.

त्यांना उठवायला दोघे लागले, एक मी आणि एक टायरवाला. तो रडत होता आणि का ते त्यालाच कळत नव्हतं. पुढच्या दारीही तेच झालं. त्याच्यापुढंही. बसांच्या दिवसांत आलेली माणसं, नियम कोणाला ठाऊक. म्हाताऱ्याला बघून जो तो खाली उतरायचा आणि अप्पा दर वेळी गुडघे टेकायचे. मी दोनदा म्हणाले, “अप्पा, पोदुम, पुरे आतां.” त्यांनी ऐकलं नाही. अकरा दारं झाली.

घरी आल्यावर ते वरच्या पायरीवर बसले. आई गरम तेल घेऊन त्यांच्या गुडघ्यांना चोळू लागली. ते भोपळ्यासारखे सुजले होते, एकाची कातडी फाटली होती. पात्र भरलेलं होतं. अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते समोरच्या दाराकडे बघत होते.

“गुडघे मजजवळ तेव्हांही होते, पोरी,” ते म्हणाले. “तेव्हां तर ते दुखतही नव्हते.”

आईचा हात थांबला. मग ती पुन्हा चोळू लागली.